आठ किलोंचं छप्पर

आपल्याकडे जी वस्तू हलक्या हातानं वर जाते आणि वर गेल्यावर तिथंच थांबते, तिला ‘हायड्रॉलिक’ म्हणायची पद्धत पडली आहे. गाद्या-रजया ठेवायचा पेटीचा पलंग हायड्रॉलिक, मोटारीच्या मागचं दार हायड्रॉलिक, ऑफिसातली वरखाली होणारी खुर्चीसुद्धा हायड्रॉलिक. गॅरेजवाला त्याच वस्तूला ‘डिकीचा शॉकर’ म्हणतो. खरं पाहता ती यापैकी काहीच नाही. हायड्रॉलिकमध्ये काम करतं ते तेल. इथं काम करतो तो वायू. तेल असतं, पण चमचा-दोन चमचे, सील ओलं ठेवण्यापुरतं आणि शेवटच्या टप्प्यात दांड्याचा वेग आवरण्यापुरतं. तिचं खरं नाव गॅस स्ट्रट, किंवा गॅस स्प्रिंग. जर्मनीतल्या स्टॅबिलस या कंपनीनं १९६२ साली तिचं घाऊक उत्पादन सुरू केलं आणि पुढच्या काही वर्षांत मोटारीचं मागचं दार डोक्यानं तोलून धरण्याचा त्रास जगभर संपला.

या नळकांड्याबद्दल रविवारच्या पुरवणीत लिहावं असं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. सातपूरच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये माझी ३३ वर्षं गेली. नाशिक हे द्राक्षांचं, मंदिरांचं आणि कुंभमेळ्याचं गाव म्हणून जगाला ठाऊक असलं, तरी आमच्यासारख्यांचं नाशिक वेगळं. मायको सर्कलवरून शिफ्टला जायचं, महिंद्राच्या गाड्या, अंबडला गॅब्रिएलचे शॉक ॲब्सॉर्बर, आणि त्यांच्या आगेमागे शेकडो लहान शेड, जिथं पत्रा, सळई आणि लेथ यांच्यावर घरं चालतात. अशा गावात ‘एवढंसं वजन उचलायचं आहे’ असं कोणी म्हटलं की माणसं गप्प बसत नाहीत. मीही बसलो नाही. पण या वेळी उचलायचं होतं ते नुसतं वजन नव्हतं.

माझे मावसभाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणतो, बँकेतून निवृत्त झाले. २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, वर्तमानपत्रांतून चाकांवरच्या घरांची छायाचित्रं झळकू लागली, आणि दादांच्या मनानं घेतलं. पुढच्या वर्षी त्यांनी एका बांधणीवाल्याकडून रीतसर परवानगीनिशी एक लहान व्हॅन तयार करून घेतली. आत ओटा, पलंग, पाण्याची टाकी. व्हॅन ठेंगणी, म्हणून छत उघडणारं: पुढच्या कडेला बिजागऱ्या, मागची कड वर जाते, आणि मधल्या फटीत तिन्ही बाजूंनी कॅनव्हासचा पडदा ताणला जातो. फोक्सवॅगनच्या व्हॅनला जर्मनीतली वेस्टफालिया कंपनी असंच छत बसवून देत असे. तीच ही तऱ्हा. छत उघडलं की आत उभं राहून भाजी फोडणीला टाकता येते. बंद असलं की कंबरेत वाकून बसायचं.

छत फायबरचं, ४८ किलोंचं. दादा आत उभे राहून खांद्यानं ते वर रेटायचे आणि वहिनी दोन लोखंडी टेकू लावायच्या. दोघांचं छान जमलं होतं. सापुतारा झालं, तोरणमाळ झालं. मग छतावर सौर पॅनेल आली, ११ किलोंची दोन. पंखा चालू लागला, दिवे लागले, पण छत ७० किलोंचं झालं.

२०२३च्या नोव्हेंबरात भंडारदऱ्याला दादांचा उजवा खांदा त्या छताखालीच गेला. छत अर्ध्यावर होतं. ते खाली आलं, वहिनींनी हात मागे घेतला म्हणून बोटं वाचली. ती रात्र दोघांनी बंद छताखाली काढली. दादा कण्हत होते, आणि वहिनी गुडघ्यावर बसून स्टोव्हवर पाणी गरम करत होत्या. डॉक्टरांनी खांद्याला सहा महिने विश्रांती सांगितली. मुलांनी फोनवरून निर्णयच दिला, ‘विकून टाका ती गाडी. आता वय आहे का तुमचं?’

मी गाडी पाहायला गेलो तेव्हा दादांना इलेक्ट्रिक मोटर बसवायची होती, बटण दाबलं की छत वर. वहिनी चहा घेऊन आल्या आणि त्यांनी एकच गोष्ट सांगितली. “भावोजी, मला एकटीला उघडता आलं पाहिजे. अंधारात, बॅटरी उतरलेली असताना, आणि हे आजारी पडलेले असताना. तेवढं जमत असेल तर गाडी ठेवू. नाहीतर मुलं म्हणतात ते बरोबर आहे.”

आयुष्यभर मी ड्रॉइंगवर मापं वाचली, पण गरज इतक्या नेमक्या शब्दांत सांगणारं गिऱ्हाईक क्वचित भेटलं. मोटर बाद झाली. गॅस स्ट्रटला बॅटरी लागत नाही.

आता तो करतो काय ते पाहू. एका बंद नळीत नायट्रोजन दाबून भरलेला असतो. आत पिस्टन, पण त्याला बारीक भोक; त्यामुळे वायू पिस्टनच्या दोन्ही बाजूंना सारख्याच दाबानं असतो. मग दांडा बाहेर का येतो? कारण पिस्टनच्या एका बाजूला दांडा आहे, आणि तेवढ्या जागेवर वायूला ढकलायला पृष्ठभाग मिळत नाही. दुसरी बाजू दांड्याच्या जाडीएवढी जिंकते. १० मिलिमीटर जाडीच्या दांड्यातून १००० न्यूटन, म्हणजे मोटामोटी १०० किलोंचा रेटा मिळवायचा, तर आतला दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या पन्नासपटींहून अधिक लागतो. म्हणूनच त्या नळीवर ‘उघडू नका, तापवू नका’ असं लिहिलेलं असतं आणि ते गंमत म्हणून लिहिलेलं नसतं. जुना स्ट्रट भंगारात टाकण्याआधी त्यावर वेल्डिंगची ज्योत धरणारे महाभाग मी पाहिले आहेत. कृपा करून असं करू नका.

स्पेअर पार्टच्या दुकानात आम्हाला मिळालेला सल्ला सोपा होता: “सगळ्यात जास्त ताकदीचा घ्या काका, कटकट नको.” हा सल्ला ऐकून अनेक पलंगांची झाकणं अशी बसली आहेत की ती बंद करायला घरातल्या दोघांना वर बसावं लागतं. छपराच्या बाबतीत तर हे धोक्याचंच. स्ट्रटनं वजन उचलायचं नसतं. त्यानं बहुतेक वजन स्वतःकडे घेऊन थोडं माणसाच्या हातात ठेवायचं असतं. किती ठेवायचं, एवढाच प्रश्न.

त्यासाठी आधी खरं वजन हवं. छत काढून काट्यावर ठेवणं शक्य नव्हतं आणि गरजही नव्हती. बाथरूममधला वजनकाटा मागच्या कडेखाली एका स्टुलावर ठेवला, त्यावर वाशाचा तुकडा उभा केला आणि छताची मागची कड अलगद त्यावर टेकवली. काटा ३५ वर थांबला. बिजागरी एका टोकाला, वजन साधारण मध्यावर. म्हणजे निम्मा भार बिजागऱ्यांवर आणि निम्मा उचलणाऱ्याच्या हातावर. ३५ किलो डोक्याच्या वर रेटायचे, तेही वाकून. दादांचा खांदा का गेला हे काट्यानं सांगितलं.

पुढचं काम गंगापूर रोडवरच्या त्यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये झालं. फरशीवर खडूनं व्हॅनची बाजू खऱ्या मापात काढली. छताच्या जागी २ मीटर २० सेंटिमीटरची लाकडी पट्टी, बिजागरीच्या जागी खिळा, स्ट्रटच्या जागी दुमडती फूटपट्टी. कागदावर गणित होतंच, पण पट्टी फिरवून पाहिल्याशिवाय दादांचा विश्वास बसेना, आणि खरं सांगायचं तर जुन्या टूलरूमवाल्याचाही बसत नाही. इमारतीतली मुलं भोवती जमली. त्यातल्या एकानं विचारलं, “आजोबा, ७० किलोंचं छत आहे, मग ३५-३५ किलोंचे दोन का नाही घेत?”

प्रश्न अगदी बरोबर होता. मी त्याला पार्किंगच्या लोखंडी फाटकाशी नेलं. कडीपाशी ढकललं की फाटक एका बोटानं हलतं. बिजागरीजवळ ढकललं की दोन्ही हात लावावे लागतात. स्ट्रट बिजागरीच्या जवळच बसतो, कारण त्याचा दांडा मोजकाच लांबतो. शिवाय तो सरळ वर ढकलत नाही. छत बंद असताना तो जवळजवळ आडवा पडलेला असतो आणि त्याची बहुतेक ताकद छताला वर नव्हे, मागे रेटण्यात जाते. म्हणून ७० किलोंच्या छताला १००-१०० किलोंचे दोन, आणि तेही बेताचेच.

आमच्या आकृतीत स्ट्रटचं वरचं टोक बिजागरीपासून ९० सेंटिमीटरवर छताला आलं. खालचं टोक ४५ सेंटिमीटरवर, छताच्या रेषेखाली १२ सेंटिमीटर, बाजूच्या भिंतीला. त्यावरून असा हिशेब निघाला: बंद छत उचलायला मागच्या कडेला हातानं ८ किलो. मग भार झपाट्यानं कमी होतो, मध्यावर पोचायच्या आत छत हाताबाहेर सटकून स्वतःच वर जातं आणि मागची कड सुमारे ९० सेंटिमीटर उंचीवर थांबते. बंद करायला साडेआठ किलोंची ओढ. वहिनींना आकडे सांगितले तर त्या आत गेल्या, पाण्यानं अर्ध्याहून थोडी जास्त भरलेली बादली घेऊन आल्या, वजनकाट्यावर ठेवली, पाणी कमीजास्त करून ८ किलो केलं आणि उचलून पाहिलं. “चालेल,” म्हणाल्या.

ताकदीपेक्षा जास्त विचार करावा लागला तो ती ताकद कुठं टेकते याचा. छत बंद असताना दोन्ही स्ट्रट मिळून त्याला जवळजवळ २४० किलोंच्या जोरानं मागे ढकलत असतात आणि हा सगळा ताण पुढच्या बिजागऱ्यांवर येतो. गाडी उभी असतानाही, रात्रंदिवस. मूळच्या बिजागऱ्या नुसत्या स्क्रूनं फायबरमध्ये धरलेल्या होत्या. फायबर चांगली वस्तू आहे, पण एका बिंदूवर ओढलं की ते लाकडासारखं कुरकुरत नाही, एकदम फाटतं. म्हणून बिजागरी असो वा स्ट्रटचं ब्रॅकेट, प्रत्येकाच्या पाठीमागे तळहाताएवढी लोखंडी पट्टी आणि आरपार बोल्ट. अंबडच्या एका शेडमध्ये या पट्ट्या कापून, कोपरे घासून, रंगवून मिळाल्या. काम करणाऱ्या कारागिरानं स्ट्रट हातात घेऊन दांडा वर धरला, मग उलटा करून खाली धरला आणि विचारलं, “साहेब, असा बसवणार ना?” त्याला माहीत होतं. छत बंद असताना दांडा खालच्या बाजूला हवा, म्हणजे ते चमचाभर तेल सीलवर उभं राहतं. उलटा बसवला तर सील कोरडं पडतं आणि वायू हळूहळू निघून जातो. पुष्कळ स्ट्रट लवकर मरतात ते एवढ्यासाठी.

बसवताना छत दोन टेकूंवर होतं आणि शिवाय एक वासा. एका टेकूवर भरवसा ठेवून छताखाली डोकं घालायचं नाही, हा नियम. दोन्ही स्ट्रट एकाच वेळी, एकाच खोक्यातले. एक जुना आणि एक नवा लावला तर छत पिळवटतं. छत पूर्ण बंद झाल्यावरही दांड्याला आत जायला थोडी जागा उरली पाहिजे, नाहीतर बंद करणाऱ्याचा सगळा जोर ब्रॅकेटवर आदळतो.

कायद्याचंही पाहावं लागतं. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानुसार गाडीत मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते पुन्हा स्पष्ट केलं. दादांच्या गाडीचं उघडणारं छत नोंदणीत होतंच. तरी आम्ही आधी बांधणीवाल्याला आणि मग आरटीओत विचारून घेतलं. साध्या व्हॅनचं छत कापून घरच्या घरी असला उद्योग करू पाहणाऱ्यांनी तो करू नये. गाडी उलटली तर छत हेच आतल्यांचं चिलखत असतं.

आणि कड्या. ही गोष्ट बहुतेक जण विसरतात. आधी ७० किलोंचं छत स्वतःच्या वजनानं बसलेलं होतं. आता मागची कड जेमतेम ८ किलोंनी टेकलेली. मुंबई-आग्रा महामार्गावर शेजारून भरधाव ट्रक गेला की वाऱ्याचा झोत तेवढं सहज उचलेल. म्हणून जुन्या रबरी पट्ट्या काढून ट्रंकेला असतात तशा दाबून बसणाऱ्या दोन भक्कम कड्या, प्रत्येकीला वेगळी पिन, आणि कडी उघडी असेल तर ड्रायव्हरसमोर पेटणारा लाल दिवा. सौर पॅनेल दुरुस्तीला काढायची वेळ आली तर आधी स्ट्रट सोडवायचे, हे दादांनी पत्र्याच्या पाटीवर लिहून छताला आतून लावलं आहे. कारण २२ किलो कमी झाले की कडी काढताच छत आपणहून उसळेल आणि समोर कोण उभं आहे ते पाहणार नाही.

२०२४च्या डिसेंबरात पहिली फेरी निघाली ती नांदूरमध्यमेश्वरला. महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर स्थळ निफाड तालुक्यात, आणि निफाडची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. पारा पाचाच्या खाली उतरतो, द्राक्षबागांतून रात्रभर शेकोट्या पेटवाव्या लागतात. त्या दिवशी पहाटे ७ अंश होते. वहिनींनी छत उचललं आणि म्हणाल्या, “भावोजी, आज जड लागतंय.” जड होतंच. थंडीनं वायूचा दाब उतरतो. दर १० अंशांना सुमारे साडेतीन टक्के. ८ किलोंचे सव्वानऊ झाले होते आणि गारठलेलं सील थोडं अडत होतं. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचं छत उलट सहा किलोंतच उचलतं, मात्र बंद करताना ओढ बाराच्या घरात जाते. त्यासाठी मागच्या कडेला सुती पट्ट्याचा एक लोंबता फास लावला आहे. वहिनींची उंची पाच फूट. फासाला धरून ओढलं की अंगाचं वजन कामी येतं, खांदा लागत नाही.

त्या सकाळी छत उघडल्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट केली. जुने लोखंडी टेकू काढले आणि दोन्ही बाजूंना लावले. दादा म्हणाले, “अगं, आता कशाला? थांबतंय की ते.” वहिनींनी उत्तर दिलं नाही, दुसऱ्या टेकूची पिन खोचली आणि दुर्बीण घेऊन पाण्याच्या दिशेनं गेल्या. मला त्यांचं पटतं. स्ट्रट सूचना देऊन दमत नाही. काही वर्षं तो नीट चालतो, मग वायू थोडा थोडा झिरपतो, आणि एखाद्या थंड रात्री छत हळूच खाली यायला लागतं. छताखाली झोपायचं असेल तर टेकू हवाच.

तो दमतोय का हे ओळखायला वर्षातून एकदा मोजायचं, तेही त्याच ऋतूत. नाहीतर थंडीचा दोष स्ट्रटवर जातो. दादांकडे दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी तोच बाथरूमचा काटा, तोच वाशाचा तुकडा निघतो आणि आकडा पत्र्याच्या पाटीवर तारखेसह लिहिला जातो. पहिल्या वर्षी ८. दुसऱ्या वर्षी साडेआठ. अकरा झाले की जोडी बदलायची असं ठरलं आहे, आणि हा आकडा वहिनींनी दिलेला आहे. बादलीत पाणी वाढवत वाढवत, पार्किंगमध्येच.